डायनोसॉर पास की सेकंड

डायनोसॉर आमच्या घरी तीन दिवस राहिला. शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी त्याला आणि मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून माधव नगरला आणलं, आणि सोमवारी सकाळी मीच त्याला मांडीवर घेऊन परत पोचवला. एवढ्याशा मुक्कामात त्यानं मला जे शिकवलं ते नातलगांनी महिना महिना राहून शिकवलेलं नाही. आणि नातलग आमच्याकडे भरपूर राहायचे, कारण महाकालचं दर्शन फुकट आणि उतरायला आम्ही होतोच.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं. ते कापडाच्या मिलमध्ये तपासणी खात्यात होते. टेबलावरून कापडाचं थान, म्हणजे अख्खा तागा, सरकत जायचं आणि त्यावरून त्यांचा उजवा हात फिरायचा. गाठ असो, तुटका धागा असो, तेलाचा थेंब असो, ते हाताला आधी कळायचं. निर्दोष थानावर ‘पास’चा शिक्का, दोष सापडला तर ‘सेकंड’चा. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांना ती खोडच लागली होती. लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी सतरंजीवरून हात फिरवायचे. भैरवगढला चादर घ्यायला गेले की छपाई करणारे लोक त्यांना लांबून ओळखायचे आणि न मागता आतला चांगला माल बाहेर काढायचे. उगीच सकाळी सकाळी वाद नको, एवढाच त्यांचा हेतू.

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग फाटकालाच कुलूप लागलं. गंमत अशी की तेव्हा बाकी सगळं उघडत होतं. केबल आली होती, रंगीबेरंगी पाकिटातले चिप्स आले होते, पेपरात रोज देश कुठल्या कुठे निघाला होता, आणि आमच्याकडे बाबा भरदुपारी खाटेवर बसून होते. कर्ता माणूस दुपारी घरात असला की घरातले सगळे हळू बोलायला लागतात. बाबांच्या बरोबरीचे कोणी टेंपो चालवू लागले, कोणी भाजीचा ठेला लावला. बाबा एक्कावन्न वर्षांचे होते आणि त्यांना येत काय होतं, तर दोष काढणं. आई म्हणायची, दोष काढायचा पगार कोण देणार, ते काम माझ्या सासूबाई जन्मभर फुकट करत होत्या.

पण असा एक माणूस निघाला. फ्रीगंजमध्ये एका सेठजींचं गिफ्टचं दुकान होतं. पूर्वी तिथे फुलदाण्या, भिंतीवरची घड्याळं आणि ग्रीटिंग कार्डं असत. आता दिल्लीहून खोक्यांनी विदेशी खेळणी यायला लागली होती, आणि निम्म्या खोक्यांतून मुंडकी एकीकडे आणि धड एकीकडे निघत होतं. खोकी उघडून बरं-वाईट वेगळं करायला सेठजींना माणूस हवा होता. कोणीतरी बाबांचं नाव सांगितलं. सेठजी म्हणाले, महीनाभर देखते हैं, भाऊसाब. आमच्याकडे हिंदी बोलणारे लोक मराठी माणसाला भाऊसाबच म्हणतात. तो महिना त्या सोमवारी संपत होता. नोकरी राहते की जाते यावर घरात कोणी अवाक्षर काढत नव्हतं, पण त्या महिन्यात आई शेजारणीशी एकदाही भांडली नाही, यावरून काय ते समजावं.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी बाबांचा डबा घेऊन दुकानात गेले होते. तेव्हा मी अकरा वर्षांची होते. काउंटरवर तो उभा होता. वीतभराहून थोडा मोठा, मातकट हिरवा, मानेला रबराच्या सुरकुत्या. पाठीवरचं बटण दाबलं की डोळे लाल व्हायचे, खालचा जबडा उघडायचा आणि पोटातून असा आवाज निघायचा की समोरच्या पानवाल्यानं मान वळवून पाहिलं. पोटाखाली आणखी एक छोटी कळ होती. ती सरकवली की तो शेपूट हलवत चालायचा आणि ती परत सरकवेपर्यंत चालतच राहायचा. त्या वर्षी कंपासपेटीपासून खोडरबरापर्यंत सगळीकडे डायनोसॉर होते, पण ते सगळे छापलेले. हा खरा होता. म्हणजे प्लास्टिकचा होता, पण खरा होता.

सेठजींना कार्तिक मेळ्यात स्टॉल लावून हेच डायनोसॉर विकायचे होते. दिल्लीवाल्यानं नमुना म्हणून एक पाठवला होता आणि सोमवारी त्याला हो की नाही ते कळवायचं होतं. सेठजींचा हिशोब सरळ होता. गिऱ्हाईक दोन जातींचं. एक पोराला खेळायला नेणारं. दुसरं म्हणजे नवीन कॉलन्यांमधले डॉक्टर आणि बँकवाले, ज्यांच्या बैठकीत काचेचं शोकेस आलं होतं आणि ते भरायला वस्तू कमी पडत होत्या. ते खेळणी जमवायचे आणि पोरांना हात लावू द्यायचे नाहीत. माल दोघांनाही चालला पाहिजे. म्हणून त्यांनी बाबांना सांगितलं, घरी घेऊन जा, दोन दिवस ठोकून बजावून बघा आणि सोमवारी लिहून द्या.

बाबा मागच्या खोलीत शिडीवर चढून खोकी लावत होते, तेव्हा सेठजी माझ्याकडे वाकून म्हणाले, “माल पास हुआ तो ये वाला तेरा, बेबी.” भला माणूस होता. हसत हसत बोलला आणि पुड्या बांधायला वळला. मी मात्र ते वाक्य घट्ट धरून सायकलवर बसले आणि बाबांना त्यातलं काहीही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, त्याला कारण होतं. मिलमध्ये दिवाळीला कामगारांना घरासाठी कापड मिळायचं. बाबा स्वतः तपासलेल्या थानातलं कापड कधीच घ्यायचे नाहीत, दुसऱ्या तपासनिसाच्या ढिगातून घ्यायचे. त्या खात्यात सगळ्यांचाच हा रिवाज होता. जे आपल्या घरी येणार आहे त्यावरून हात नीट फिरत नाही, असं ते म्हणत. माझा दिवाळीचा फ्रॉक एकदा केवळ या रिवाजापायी मोरपंखी व्हायच्या ऐवजी राखाडी झाला होता, त्यामुळे मला तो चांगलाच पाठ होता. सेठजींचं वाक्य कळलं असतं तर बाबांनी डायनोसॉर मला तपासू दिलाच नसता.

आणि त्यांना तर तो मलाच तपासायला द्यायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी आपला भाग उरकून घेतला. डायनोसॉर पाटावर ठेवला, दिवा जवळ ओढला आणि मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला. दोन अर्धी जिथे जोडली होती ती शिवण पाहिली. डोळ्यांचा रंग बाहेर गेला आहे का, दात सरळ आहेत का, धक्का दिला तर पडतो का, खोक्याचे कोपरे शाबूत आहेत का, सगळं पाहिलं. चार वेळा गुरगुरायला लावला आणि दहा पावलं चालवला. जास्त नाही, कारण सेल वाया जातात. आमच्याकडे तेव्हा ट्रान्झिस्टरचे संपलेले सेलसुद्धा गच्चीवर उन्हात ठेवून पुन्हा वापरायचे. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं की शोकेससाठी माल उत्तम आहे. मग मला म्हणाले, “उभ्या मालाचं मला समजतं. खेळायचं मला काही समजत नाही. ते तू बघ, जल्दी नको करू.”

माझ्या आयुष्यात त्याआधी कोणी मला असं काम दिलं नव्हतं. पाणी आण, दार उघड, इतपत माझी योग्यता होती.

शनिवारी मी कामाला लागले. काम म्हणजे काय, सकाळी उठल्यापासून खेळत सुटले. गहू निवडायच्या सुपात त्याला चालवला. जिन्याच्या तीन पायऱ्यांवरून पाडला, काही झालं नाही. शेजारच्या घरातल्या दोघी बहिणी आल्या, त्यांनी ओढाताण केली, तरी जबडा शाबूत. आईनं पोळ्या लाटताना त्याचा आवाज ऐकला आणि लाटणं उगारून आली, तेव्हा तो तिच्यावर पुन्हा गुरगुरला. आई हसली. महिनाभरानं ती तोंड भरून हसली, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. मी मनातल्या मनात त्याला केव्हाच पास करून टाकलं होतं, एवढंच नाही तर तो कुठे झोपणार तेही ठरवलं होतं.

रविवारी दुपारी मी त्याला झोपवलं. जमिनीवर अंथरूण घातलं, त्याला पालथा ठेवला आणि वरून भैरवगढची लाल गोधडी पांघरली. खालची कळ चालूच ठेवली, कारण झोपलेल्या डायनोसॉरनं घोरलं पाहिजे असं माझं म्हणणं होतं. पाय गोधडीत अडकले होते, तरी तो आतून घर्र घर्र करत होता. घोरणं झकास जमलं. त्याच्याशेजारी मलाही डुलकी लागली.

जाग आली ती वासानं. इस्त्री जास्त वेळ टेकली की येतो तसा वास. गोधडी दूर करून मी त्याच्या पोटाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. पोट तापलं होतं. सेलचं झाकण होतं तिथलं प्लास्टिक मऊ पडून एक बारीकशी लाट उठली होती. मी कळ बंद केली, त्याला खिडकीच्या दगडावर ठेवला आणि पदराखाली काही दडवल्यासारखी उभी राहिले, तेही फ्रॉकवर. थोड्या वेळानं तो गार झाला. बटण दाबलं तर पूर्वीसारखाच गुरगुरला. लाट पोटाखाली होती, उभा असला की दिसत नव्हती.

आता इथे मी स्वतःला भोळी म्हणवून घेणार नाही. मला सगळं कळलं होतं. पाय अडकले की तो तापतो, आणि शोकेसमध्ये ठेवलं तर त्याचे पाय कधीच अडकणार नाहीत. पण पोरं खेळणी पांघरुणात घेतात. मीच घेतलं होतं. हे बाबांना सांगायचं तर डायनोसॉर गेला. शिवाय सेठजींनी मनातल्या मनात स्टॉल सजवून ठेवला होता. महिना संपायच्या दिवशी बाबांनी त्यांना नाही म्हटलं तर काय होईल, हेही माझ्या डोक्यात आलं, आणि खरं सांगते, ते आल्यावर मला बरं वाटलं. गप्प बसायला एक चांगलंसं कारण मिळालं. बाबांच्या नोकरीसाठीच मी गप्प आहे, असं मी स्वतःला पटवून टाकलं आणि मूग गिळून बसले.

संध्याकाळी बाबांनी वही काढली आणि विचारलं. मी म्हटलं, काही दोष नाही. ते थांबले. किती वेळा पाडला, कोणी कोणी हाताळला, सगळं विचारून घेतलं. मी सगळं खरं सांगितलं, फक्त दुपार गाळली. त्यांनी ‘पास’ लिहिलं आणि खाली सही केली. मग आईला म्हणाले, पोरीनं दोन दिवस बघितलं आहे, आता मला काळजी नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं मला. ते तर साधेपणानं बोलले होते.

सोमवारी सकाळी बाबा आंघोळ करून, केसांना तेल लावून दाराशी बूट पुसत होते. महिन्याचा शेवटचा दिवस म्हणून आईनं इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता. तो शर्ट पाहून माझा बांध फुटला. खोटी वही घेऊन हा माणूस इतका नीटनेटका होऊन निघाला होता, हे मला सहन होईना. मी म्हटलं, “बाबा, तो तापतो.”

त्यांनी एक बूट घातला होता. तसेच आत आले. मला वाटलं आता पाठीत बसणार. पण त्यांनी विचारलं की कुठली कळ चालू होती, कसा ठेवला होता, वर काय होतं. मग माझ्याकडून तशीच गोधडी घालून घेतली, घड्याळ काढून समोर ठेवलं आणि एका बुटानिशी अंथरुणाजवळ बसले. थोड्याच वेळात त्यांनी आत हात घातला आणि तिथेच ठेवला. नंतर झाकणाजवळच्या लाटेवरून अंगठा फिरवला. मग मी उरलेलंही सांगितलं, सेठजी काय म्हणाले होते ते. हे सांगणं त्या पहिल्या सांगण्याहून फार कठीण गेलं.

बाबांनी कळ बंद केली आणि डायनोसॉर गार व्हायला खिडकीच्या दगडावर ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग बाबा म्हणाले, “हे तू आधीच सांगायचं होतं, बेटा. मग मी तुला तपासायला बसवलंच नसतं.” मी मान खाली घातली. मग तेच म्हणाले, “पण माझ्या हातून हे सुटलं होतं. मी सही करून बसलो होतो. बरं केलं सांगितलं.”

त्यांनी वही उघडली, ‘पास’वर आडवी रेघ मारली आणि खाली ‘सेकंड’ लिहिलं. दोष काय ते सेठजींना वाचता यावं म्हणून हिंदीत लिहिलं आणि सही केली. मग पेन माझ्या हातात दिलं. मिलमध्ये दोष ज्याला सापडेल त्याची सही लागायची, असं म्हणाले. मी तोवर कुठेच सही केली नव्हती. शाळेच्या वहीवर घालतात तसं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट, आणि तेही ओळीच्या बाहेर गेलं.

मला त्यांनी बरोबर नेलं. सेठजींनी वही वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांचं म्हणणं असं की कोण पोरगा खेळण्याला गोधडीत घालून कळ चालू ठेवतो. बाबांनी माझ्याकडे नुसतं बोट केलं. मग सेठजी म्हणाले, ठीक आहे, शोकेसवाल्यांनाच विकू, त्यांना काय फरक पडतो. बाबा म्हणाले की शोकेसची किल्ली कुठे ठेवतात ते घरात पोरांनाच आधी माहीत असतं. सेठजी वैतागले. “भाऊसाब, माल देखने को दिया था, माल में से भूत निकालने को नहीं.” बाबा म्हणाले, दुकान तुमचं आहे, मागवायचं तर मागवा, पण माझी सही त्याच्यावर नसेल. एवढं बोलून त्यांनी काउंटरवर ठेवलेली डब्याची पिशवी उचलून खांद्याला लावली. हे सगळं ते इतकं हळू बोलले की मागे उभ्या गिऱ्हाइकाला वाटलं दोघं हवापाण्याचं बोलतायत.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. सेठजींनी तो माल मागवला नाही. पलीकडच्या रांगेतल्या दुकानदारानं मागवला, आणि कार्तिक मेळ्यात ते डायनोसॉर गरम भज्यांसारखे खपले. त्यातला एकही पेटल्याचं आमच्या कानावर आलं नाही. सेठजी ते वर्षभर बाबांना ऐकवत राहिले, आणि बाबा वर्षभर ऐकून घेत राहिले. आपण बरोबर होतो हे त्यांना कोणी कधी सिद्ध करून दिलं नाही, आणि त्यांनी ते मागितलंही नाही.

पण त्या सोमवारी यातलं काही माहीत नव्हतं. सेठजी वही हातात धरून बसले होते आणि बाबा पिशवी खांद्याला लावून उभे होते. मी बाबांच्या मागे, डायनोसॉर पोटाशी धरून. आता सेठजी हिशोब करून टाकतील आणि आपण घरी जाऊ, मग आईला काय सांगायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. सेठजींनी वही पुन्हा उघडली आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

“और ये दूसरी सही किसकी है?”

मला वाटलं बाबा म्हणतील, माझी मुलगी आहे, लहान आहे, जाऊ द्या. माफी मागावी लागली तर मागतील. तेवढं करायला त्यांच्याकडे कारण होतं, आणि मी त्यांच्याशी जे केलं होतं त्यानंतर मला त्याचं वाईटही वाटलं नसतं.

बाबा म्हणाले, “ये मेरे साथ काम करती है.”

सेठजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. वही मिटली. गल्ल्याखालचा खण ओढून एक किल्ली काढली, बाबांसमोर ठेवली आणि उद्यापासून दुकान साडेनऊला तुम्हीच उघडा म्हणाले. पुढची अकरा वर्षं बाबांनी ते उघडलं. आमचं घर त्या किल्लीवर चाललं, माझं कॉलेजही तिच्यावरच झालं, आणि सेठजींचे उपकार मी विसरलेले नाही. पण बाबांच्या त्या एका वाक्याचे उपकार मला किल्लीहून जास्त वाटतात. दोन दिवस खोटं वागलेल्या मुलीला त्यांनी सगळ्यांसमोर आपल्या बरोबरीला उभं केलं होतं, आणि तेही माझ्या खोटेपणाचा हिशोब त्यांना पुरता माहीत असताना.

मी डायनोसॉर काउंटरवर ठेवला आणि मला रडू फुटलं. सेठजी विरघळले. बरणीतून गोळ्या काढून माझ्या मुठीत कोंबत म्हणाले, रो मत बेबी, दिल्ली से दूसरा मँगा देंगे. त्यांना वाटलं मी डायनोसॉरसाठी रडतेय. शुक्रवारी रडले असते तर त्याच्यासाठीच रडले असते.